माशांच्या लग्नाची मोजणी

हवाई दलाचं क्वार्टर मिळायला अजून वेळ होता, म्हणून आम्ही बावीस सेक्टरमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. सकाळी नवरा तळावर जायचा, मुलगी शाळेत जायची आणि मी कानाला हेडफोन लावून समुद्राचा तळ ऐकत बसायचे. हे मी घरमालकीणबाईंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या गच्चीत उन्हाला बसून मटार सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. "मछलियाँ बोलती हैं?" त्यांनी विचारलं आणि मग स्वतःच म्हणाल्या, "हमने तो बेटा, तली हुई ही देखी हैं।" मी हसले. समुद्रापासून इतक्या लांब येऊन हे काम करणं हा तसा विनोदच होता.

काम असं होतं. लक्षद्वीपच्या एका बेटाबाहेर, जिथे प्रवाळाचा उथळ तळ संपून एकदम खोल पाणी सुरू होतं, तिथे एका खडकाजवळ डिसेंबरमध्ये आवाज टिपणारं एक यंत्र सोडलं होतं. तीन अमावास्या उलटल्यावर ते वर काढलं आणि त्यातला सगळा आवाज एका हार्ड डिस्कमध्ये भरून कुरियरने माझ्याकडे चंदिगडला आला. मला त्यात एक मासा शोधायचा होता. आमच्या मालवणात त्याला गोबरा म्हणतात. जाड ओठांचा, ठिपक्याठिपक्यांचा, वर्षभर आपल्या कपारीत एकटा राहणारा आणि दुसरा कोणी जवळ आला की अंगावर धावून जाणारा मासा. पण वर्षातल्या दोन-तीन अमावास्यांना हेच मासे आसपासच्या सगळ्या प्रवाळातून निघून एका ठरावीक जागी जमतात, अंडी घालतात आणि परत आपापल्या कपारीत जातात. त्या दिवसांत नर खालच्या पट्टीत गुरगुरतात. लांब कुठेतरी बुलेट सुरू व्हावी तसा तो आवाज असतो. तो ऐकू आला तर मासे जमले होते. नाही आला तर बहुतेक नव्हते.

माझ्या उत्तरावर बरंच काही अवलंबून होतं. ती जागा दोन मोसम मासेमारीला बंद होती आणि पुढे बंद ठेवायची की उघडायची, हे मत्स्य विभागाची समिती ठरवणार होती. कागदावर ती विभागाने बंद केली होती, पण तिथे राखण करायला कोणी पोलीस नव्हता. बेटावरच्या एका म्हाताऱ्या कोळ्याच्या शब्दावर ती बंद होती. त्याने घरोघरी जाऊन सांगितलं होतं की दोन मोसम थांबा, मासे परत येतील. लोक थांबले होते. आता दुसरा मोसम संपत आला होता आणि मी "काही नाही" म्हटलं असतं तर त्याचं तिसऱ्यांदा कोणी ऐकलं नसतं. होड्या गेल्या असत्या आणि पाच-दहा मासे उरले असलेच, तर ते एका अमावास्येत संपले असते. आणि मुळात ते मासे नाहीसे व्हायला मी कारणीभूत होते. हा आरोप माझ्यावर कोणी केला नाही. मला तो करणारं कोणी भेटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटायचं.

मी त्या बेटावर पहिल्यांदा गेले तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. संस्थेने मला छापील तक्ते दिले होते. होडी, माणसं, गळ किती, पाण्यात किती तास, मासे किती. अमावास्येच्या आदल्या तीन दिवसांपासून मी वेगवेगळ्या होड्यांत बसून ते तक्ते भरायचे. होड्या भरून परत यायच्या. मासे इतके असायचे की गळ तळाला पोचायच्या आत ओढ लागायची.

घरोघरी फिरलेला हा म्हातारा तेव्हा म्हातारा नव्हता, पन्नाशीचा असेल. सगळे त्याला इक्का, म्हणजे दादा, म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. ऐन उमेदीत जहाजावर काम केल्यामुळे त्याला तोडकंमोडकं हिंदी येत होतं. मला तो 'मोळे' म्हणायचा, म्हणजे पोरी. माशांच्या त्या जमण्याला तिथे कल्याणम् म्हणतात, लग्न. इक्का त्या दिवसांत तिथे गळ टाकत नसे. त्याच्या बापानेही टाकला नव्हता. लग्नाला आलेल्यांना मांडवातून उचलून नेत नाहीत, एवढंच तो म्हणायचा आणि बाकीचे त्याची थट्टा करायचे. पण जागेवर तो जायचा जरूर. त्याच्याकडे तळाला काच बसवलेला एक लाकडी डबा होता. होडीच्या कडेवरून तो डबा पाण्यात दाबून धरायचा, त्यात तोंड घालून खाली बघायचा आणि दुसऱ्या हाताने सावकाश वल्हं मारत जायचा. पहिला मासा दिसला की मोजायला सुरुवात, शेवटचा मासा मागे पडला की थांबायचं. मासे तो मोजत नसे. लग्न किती लांब आहे ते मोजायचा, वल्ह्यांत.

माझ्या पहिल्या वर्षी तो म्हणाला, चौतीस. त्याच्या लहानपणी बापाने मोजलं तेव्हा शंभराच्या वर गेलं होतं म्हणे. दुसऱ्या वर्षी म्हणाला, एकवीस. तिसऱ्या वर्षी मी त्याच्या होडीत होते. अकरावं वल्हं मारून त्याने डबा पाण्याबाहेर काढला आणि बराच वेळ तो काच पुसत बसला. मग म्हणाला, "मोळे, ये लिखो। ग्यारह।"

मी लिहिलं. त्याला वाईट वाटू नये म्हणून तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. पुढच्या बाजूला त्यासाठी रकानाच नव्हता.

त्या तीन वर्षांच्या तक्त्यांवरून मी अहवाल तयार केला. एका गळाला एका तासात किती मासे मिळतात, हा आकडा तिन्ही वर्षी जवळजवळ तोच होता. म्हणून मी लिहिलं की साठा स्थिर आहे, सध्या निर्बंधांची गरज दिसत नाही. माझ्या वरच्यांनी पाठ थोपटली. बेटावरच्या शाळेच्या सभागृहात एका अधिकाऱ्याने तो मल्याळममध्ये वाचून दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. इक्का मागच्या बाकावर बसला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत तो होता की नाही, ते मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी माझं जहाज होतं आणि महिन्याभरात माझं लग्न होतं.

चूक इतकी साधी होती की आता कोणालाही सांगताना तोंड वर होत नाही. गावात माणसं किती उरलीत हे पंगतीत वाढताना मोजलं, तर शेवटच्या पंगतीपर्यंत प्रत्येक पानावर माणूस दिसणारच. बाहेरच्या वाड्या ओस पडल्या तरी पंगत भरलेलीच. मासे चहूकडून येऊन एका जागी जमतात, तेव्हा त्यांच्यात टाकलेला गळ भरूनच येतो, अगदी शेवटच्या वर्षापर्यंत. कमी होत जाते ती गर्दीची लांबी. ती इक्का मोजत होता आणि मी मान डोलावत होते.

त्यानंतर आमच्या बदल्या झाल्या, जोधपूर, तेजपूर, आता चंदिगड. मधल्या काळात कधीतरी संस्थेतल्या जुन्या मैत्रिणीने सांगितलं की त्या जागेवर आता काही मिळत नाही. ती सहज बोलली, दुसऱ्याच विषयाच्या ओघात. मी फोनवर "अरे बापरे" म्हटलं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत राहिले. पुढे विभागाला जाग आली, बंदी आली आणि हे ऐकण्याचं काम निघालं. ते मी मागून घेतलं. पैसे फार नव्हते. मैत्रिणीला वाटलं, मला घरबसल्या काहीतरी हवंय.

त्या हिवाळ्यात चंदिगडला धुकं उठतच नव्हतं. अकरा वाजले तरी समोरच्या घराचं फाटक दिसायचं नाही. बाहेर काही दिसत नसलं की कान फार तीक्ष्ण होतात. मी हेडफोन काढायचे आणि तो आवाज चालूच असायचा. फ्रिजमध्ये असायचा, खालच्या पाण्याच्या पंपात असायचा. इथे दर तिसऱ्या पोराकडे बुलेट, त्यामुळे रस्त्यावरून तर दिवसभर गोबरेच चाललेले असायचे. एकदा मी बाजारात चक्क थांबले आणि मान वाकडी करून ऐकत राहिले, तेव्हा मुलीने माझा हात ओढला. "मम्मा, सब देख रहे हैं," ती म्हणाली. तिच्याशी मी मराठीत बोलते आणि ती हिंदीत उत्तर देते. घरी गेल्यावर तिने विचारलं, "वो आये क्या?" जणू पाहुणे यायचे होते. मी म्हटलं, अजून नाही.

रेकॉर्डिंगमध्ये इतर सगळे होते. कोळंबीची कडकड अखंड चालू होती, तव्यावर तेल तडतडावं तशी. प्रवाळ कुरतडणारे पोपटमासे होते, कुठूनतरी येऊन जाणारे डॉल्फिन होते. पहिली अमावास्या गेली, दुसरी गेली. मी नुसतं ऐकत नव्हते, पडद्यावर आवाजाचं चित्रही बघत होते आणि त्या चित्राच्या तळाशी जिथे जाड पट्टा दिसायला हवा, तिथे काहीच नव्हतं. लोक म्हणतात शांतता भीतिदायक असते. मला भीती वाटायची ती मी त्या शांततेत कोणालातरी हाका मारत होते याची. मनातल्या मनात म्हणायचे, बाबांनो, एकदा तरी. आईला फोनवर हे सांगायचा मूर्खपणा केला तर नातीच्या काळजीने ती म्हणाली, "अगो, ते मासे सोड आता आणि चेडवाकडे बग जरा."

तिसऱ्या अमावास्येच्या आदल्या संध्याकाळच्या आवाजात मला चार ठोके सापडले. खालच्या पट्टीतले, पाठोपाठ, मग शांत.  तो तुकडा मी किती वेळा ऐकला असेल याचा हिशेब नाही. बावीस सेक्टरच्या मोबाइल बाजारात जाऊन महागातले हेडफोन आणले आणि पुन्हा ऐकला. मैत्रिणीला पाठवला. तिने कळवलं की असू शकेल, पण नांगराची साखळी खडकावर घासली तरी असंच येतं. नवऱ्याला ऐकवला. तो साताऱ्याचा, सरळ माणूस. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "मग लिही ना, आहेत म्हणून. अजून दोन वर्षं बंद राहील. वाईट काय त्यात?"

"आणि नसतील तर?"

"नसतील तर कुणाचं काय बिघडलं? अगं, तू चांगल्यासाठीच लिहितेस."

मी त्याच्यावर फार चिडले. तो बिचारा जेवायला बसला होता. चिडण्याचं कारण हे की तीन दिवस मी स्वतःला नेमकं तेच सांगत होते. पहिल्या वेळी मला दिसलं ते लिहिलं होतं आणि ते खोटं निघालं. आता जे ऐकायचंय ते लिहिलं, तर चांगल्या बाजूने का होईना, ती माझी दुसरी थाप झाली असती. आणि त्या बेटावर ती कोणाच्या तोंडून जाणार होती हे मला माहीत होतं.

त्या शनिवारी आम्ही मनीमाजऱ्याला गेलो. तिथल्या एका गल्लीत एक मासळीवाला बसतो. रोहू, सिंघाडा वगैरे नदीचे मासे असतात, कधीकधी बर्फाच्या पेटीतून समुद्राचंही काही येतं. त्या दिवशी पेटीत वरच एक गोबरा होता. ठिपके फिकट झालेले, तोंड उघडं. तो कुठल्या समुद्रातला हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही कळायला मार्ग नव्हता. मासळीवाल्याने अंगठ्याने त्याचं पोट दाबून दाखवलं. "अंडे वाली है मैडम, पूरी भरी हुई।" तो ते खुशीने सांगत होता. मालवणच्या बाईला गाबोळीचं कौतुक असायलाच हवं, लहानपणी मी त्यासाठी भावाशी मारामारी केली आहे. पण मला तिथे उभं राहवेना. मी काही न घेता रिक्षात येऊन बसले. नवऱ्याने मुलीला तिळाचं गजक घेऊन दिलं.

घरी आल्यावर मी पलंगाखालची काळी ट्रंक ओढली. आमच्यासारख्या घरांत अशा ट्रंका असतात, झाकणावर पांढऱ्या रंगात हुद्दा, नाव आणि खोडलेली जुनी ठिकाणं. तळाशी माझे ते तक्ते होते. सगळ्या बदल्यांमधून मी ते का वागवले हे तेव्हा कळलं नव्हतं. उलटे करून बघितले. चौतीस. एकवीस. अकरा. तिसऱ्या आकड्याखाली मी बोटीत बसून काढलेलं एक फूल होतं, बॉलपेनचं, कंटाळा आल्यावर माणूस काढतं तसं. त्या फुलाची मला इतकी लाज वाटली की मी कागद पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी इक्काला फोन लावला. आधीही कामानिमित्त दोनदा बोलणं झालं होतं, पण मध्ये कोणीतरी असायचं. आज मीच बोलणार होते. आवाज खोल गेला होता त्याचा. मुलगी कितवीत, नवरा बरा ना, तिकडे बर्फ पडतो का, सगळं विचारून झालं. मग त्याने विचारलं, "मोळे, वो आया?"

मी म्हटलं, खात्रीने सांगता येईल असं काही ऐकू आलं नाही. एक तुकडा आहे, पण ती साखळीही असू शकते. फोनवर मागे कोंबड्या ओरडत होत्या.

मग मी ते बोलले, जे मी बारा वर्षांत कोणाशी बोलले नव्हते. म्हटलं, इक्का, मी तेव्हा लिहिलं ते चुकीचं होतं. तुमची वल्ही बरोबर होती. मी ती मागच्या बाजूला लिहिली आणि अहवालात घेतली नाहीत. समितीला मी आता तसंच कळवते आहे की माझा जुना अहवाल मागे घ्या आणि इक्काचे आकडे धरा. आणि आवाज नाही म्हणजे मासे नाहीत असंही नाही, उरलेले थोडे मासे गप्पही राहतात, म्हणून जागा उघडू नका.

त्याला सगळं समजलं की नाही मला कळेना. मी पुन्हा, सोप्या हिंदीत सांगितलं. मध्येच त्याने थांबवलं.

"मेरा गिनती सही था?"

"हाँ, इक्का।"

"ग्यारह सही था?"

"हाँ।"

 मग तो हळूहळू, शब्द शोधत म्हणाला, "तुम पढ़ा-लिखा लड़की। तुम बोला सब ठीक। मैं सोचा, मेरा आँख बूढ़ा हो गया। डब्बा मैं बेटी को दे दिया, वो उसमें आटा रखती है।" मग म्हणाला, "उसके बाद मैं भी गया, मोळे। कल्याणम् में। काँटा लेकर।"

मी खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले. मला वाटत होतं की माझा अहवाल त्याने मानला नाही, लोकांनी मानला. इतकी वर्षं मी स्वतःला एवढी एक सूट दिली होती, की निदान तो एक माणूस तरी यातून बाहेर राहिला. मी त्याला माफ करा म्हटलं. हा शब्द इतका तोकडा आहे हे मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, रोना नहीं. मी रडत आहे हे मला त्याने सांगितल्यावर कळलं.

"अब लिखेगी ना?" त्याने विचारलं.

"हाँ।"

"सबके सामने पढ़वाऊँगा। तो मेरा भी लिखो।"

मी म्हटलं, त्याची गरज नाही, इक्का, चूक माझी आहे. त्याने ते कानाआड केलं. गळ घेऊन गेलो त्या पहिल्या वर्षी होडी भरली, तो म्हणाला. मी जवळचं पेन ओढलं. दुसऱ्या वर्षीही भरली, मोठेमोठे होते, ओढताना हात सोलवटले. लिखा? मी म्हटलं, लिहिलं. तिसऱ्या वर्षी किती मासे मिळाले तो आकडा त्याने दोनदा सांगितला, मला नीट ऐकू गेलं नसेल असं समजून.

"एक," तो म्हणाला. "तीसरा साल, एक।"